दुखत नाहीये, पण खांद्यामागे खळगा पडलाय

पत्र असं आहे: "ताई, वय २८, उजवा हात, शाळेपासून व्हॉलीबॉल खेळतो. चार-पाच महिन्यांपासून सर्व्हिसचा जोर गेलाय म्हणून जिममधल्या ट्रेनरने रबर बँडचे व्यायाम दिले, दोन महिने नेमाने केले, काही फरक नाही. मागच्या महिन्यात बहीण म्हणाली तुझा उजवा खांदा मागून आत बसल्यासारखा दिसतोय, आरशात बघितलं तर खरंच, फऱ्यावर वाटीएवढा खळगा. दुखत म्हणावं तर नाही, जास्त खेळलो की जड वाटतं एवढंच. मानेचा एक्सरे नॉर्मल आला. एमआरआयमध्ये स्पायनोग्लेनॉइड नॉचमध्ये सिस्ट आणि इन्फ्रास्पायनेटस बारीक झालाय असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाक, दुसरे म्हणतात तीन महिने थांब, काका म्हणतात नस आखडलीय, चोळून घे. ही गाठ कसली? स्पायनो म्हणजे मणक्याचं काही आहे का? आणि दुखत नाहीये तर मी खेळू शकतो ना?"

तुला अरेतुरे करते, ताई म्हणालायस म्हणून. आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते कारण सगळी गोम तिथेच आहे. दुखत नाही ही तुझ्या केसमधली चांगली बातमी नाहीये. दुखत असतं तर तू चार महिन्यांपूर्वीच कोणाकडे तरी गेला असतास, रबर बँड ओढत बसला नसतास. का दुखत नाही याचंही कारण आहे आणि ते कळलं की तुझा अर्धा रिपोर्ट कळेल, पण त्यासाठी आधी जरा स्वतःचा खांदा चाचपावा लागेल, तर मोबाइल ठेव खाली.

डावा हात उजव्या खांद्यावरून मागे टाक. बोटांना आडवा एक हाडाचा कंगोरा लागेल, पाठीच्या मधल्या बाजूने सुरू होऊन बाहेर खांद्याच्या टोकाकडे चढत जाणारा. या कंगोऱ्याला इंग्रजी अॅनाटॉमीत स्पाइन म्हणतात, फऱ्याची स्पाइन, आणि तुझ्या रिपोर्टमधलं 'स्पायनो' ते हे. पाठीच्या कण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हा घोळ बरेच जण करतात, रिपोर्टमध्ये स्पाइन वाचलं की रात्रभर झोप नाही. तर मणका बाजूला ठेव.

या कंगोऱ्याने फऱ्याच्या पाठीचे दोन भाग होतात. वरचा भाग अरुंद, बोटभर, त्यात जो स्नायू बसतो तो सुप्रास्पायनेटस. खालचा भाग चांगला रुंद, तळहात मावेल असा, त्यात इन्फ्रास्पायनेटस. तुझा खळगा कुठे आहे ते आता स्वतःच बघ, कंगोऱ्याच्या वर की खाली? पत्रावरून मला तरी खाली वाटतोय, आणि वरचा भाग दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला लागत असेल तर नस कुठे दबलीय याचं उत्तर एमआरआय न काढताही बोटांनीच मिळालं. का ते सांगते.

फरा म्हणजे एक पातळ तिकोनी हाड, साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर नुसतं टेकलेलं. बरगड्यांशी त्याचा कुठलाही सांधा नाही, धडाशी हाडाने जोडलेलं म्हणाल तर फक्त पुढे कॉलर बोनमार्फत, बाकी सगळा कारभार स्नायूंच्या जिवावर, १७ स्नायू या एका हाडाला चिकटलेले आहेत. म्हणून तर तो एवढा सरकतो, फिरतो. हात पूर्ण वर नेलास तर १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या गोळ्यातून येतात आणि ६० फरा फिरल्यामुळे. आता एवढ्या हलत्या हाडावरून एखादी नस न्यायची तर ती दर हालचालीला ओढली जाणार, घासली जाणार, हे उघडच आहे, आणि तुझी नस नेमकी तशीच जाते.

मराठीत आपण नस हा शब्द कशालाही वापरतो, शीर पण नस, स्नायू आखडला तरी नसच. इथे मी म्हणतेय ती नर्व्ह, मेंदूकडून स्नायूला हुकूम पोचवणारी वायर. हिचं नाव सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह. मानेतून पाचव्या-सहाव्या मुळांपासून निघते, खांद्याच्या वरच्या मांसाखालून मागे येते आणि फऱ्याच्या वरच्या काठावर एक खाच असते तिथे पोचते. खाचेवर लिगामेंटची आडवी पट्टी ताणलेली असते, म्हणजे तो एक छोटा बोगदाच झाला, नेफ्यातून नाडी जावी तशी नस त्यातून आत शिरते, बरोबरची रक्तवाहिनी मात्र शहाणी, ती पट्टीच्या वरून जाते. आत शिरल्यावर ती आधी वरच्या स्नायूला वायर देते, सांध्याला संवेदनेच्या बारीक फांद्या देते, मग कंगोऱ्याच्या बाहेरच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या खाचेतून खाली उतरते आणि खालच्या स्नायूत संपते. ही दुसरी खाच म्हणजे तुझी स्पायनोग्लेनॉइड नॉच.

म्हणजे बघ, पहिल्या खाचेत दबली तर वरचा आणि खालचा दोन्ही स्नायू जातात, शिवाय खांद्याच्या वर आणि मागे खोलवर बोथट ठणका लागतो. दुसऱ्या खाचेत दबली तर फक्त खालचा जातो, आणि तोवर दुखणं सांगणाऱ्या बहुतेक फांद्या मागेच सुटून गेलेल्या असतात. तक्रार करायला कोणी उरतच नाही, स्नायू गुपचूप वाळतो. मुंग्या पण येत नाहीत कारण ही नस कातडीला जवळजवळ काही देत नाही. हे आहे तुझ्या न दुखण्याचं कारण.

(पहिल्या खाचेचा आकारही सगळ्यांचा सारखा नसतो. १९७९ मध्ये रेंगाचारी नावाच्या न्यूरोसर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे सहा प्रकार सांगितले, कोणाची उथळ, कोणाची व्ही सारखी चिंचोळी, आणि काही जणांत तर वरच्या पट्टीचंच हाड झालेलं, म्हणजे बोगदा पक्का काँक्रीटचा. तुझा प्रॉब्लेम त्या खाचेत नाहीये, पण हे वाचणाऱ्या कोणाचे दोन्ही स्नायू बारीक झाले असतील तर त्यांच्यासाठी सांगून ठेवलं.)

आता गाठ. गाठ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती येते, तर ती काढून टाक, ही कॅन्सरची गाठ नव्हे. खांद्याची वाटी असते ना, तिच्या कडेने एक रबरासारखी गोल कड असते, लेब्रम. वर्षानुवर्षं डोक्यावरून हात फिरवून फिरवून त्या कडेला कुठेतरी चीर पडते, सांध्यातलं वंगणाचं पाणी त्या चिरेतून बाहेर येतं आणि परत आत जात नाही, एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपेसारखं. ते साठून फुगा होतो. दुसरी खाच सांध्याच्या अगदी मागे असल्यामुळे फुगा बरेचदा तिथेच वाढतो, आणि नस हाडाला चिकटून असल्याने तिला सरकायला जागा नाही. फुगा आणि हाड यांच्यात ती चेपली जाते, बस, एवढीच गोष्ट. तुझ्या रिपोर्टमध्ये लेब्रमबद्दल काही ओळ आहे का बघ, तू लिहिलेली नाहीस पण बहुतेक असेल.

व्हॉलीबॉल हा यातला जुना आरोपी आहे, १९८० च्या दशकापासून डॉक्टर हे लिहीत आलेत. आणि गंमत म्हणजे सिस्ट नसतानाही या खेळाडूंचा इन्फ्रास्पायनेटस वाळलेला सापडतो. कारण सर्व्हिस आणि स्मॅश. हात जोरात पुढे येतो आणि मग त्याला थांबवायचं काम कोणाचं, तर मागच्या याच स्नायूचं, तो ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि त्या झटक्यात नस कंगोऱ्याच्या कोपऱ्यावर खेचली जाते. एकदा नाही, एका प्रॅक्टिसमध्ये शंभर वेळा. यातले कितीतरी जण तसेच खेळत राहतात, त्यांना पत्ताही नसतो, कारण हात बाहेर फिरवायच्या कामात बाजूचा टेरेस मायनर नावाचा छोटा स्नायू आणि खांद्यावरच्या गोलसर स्नायूचा मागचा भाग मदत करतो आणि त्या दोघांची वायर वेगळ्या नर्व्हकडून येते. तुझं तसं झालेलं नाही, तुझा जोर गेलाय. बघायचं असेल तर दोन्ही कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकव, बहिणीला समोर बसव, तिने तुझे मनगट बाहेरून आत दाबायचे आणि तू बाहेर ढकलायचे. उजवा लगेच हरत असेल तर तोच तुझा इन्फ्रास्पायनेटस.

ट्रेनरबद्दल. त्याचा हेतू चांगलाच असणार, पण वायरच दबलेली असताना मोटर जोरात चालवायचा प्रयत्न करून मोटर सुधारत नाही. व्यायामाने स्नायू वाढतो तो नसेतून हुकूम पोचतो म्हणून. दोन महिने नेमाने करून फरक शून्य, हीच खरं तर सगळ्यात मोठी खूण होती आणि तिथेच कोणीतरी शर्ट काढून मागून बघायला हवं होतं. हे मी शहाणपणाने नाही बोलत, माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी स्वतः एका पेंटरकाकांना तब्बल तीन महिने खांद्याच्या टेंडनचा त्रास म्हणून शेकत बसले होते, पुढून तपासत होते, आणि एक दिवस ते पाठ करून शर्ट घालत असताना मला तो खळगा दिसला. अजून लाज वाटते. तेव्हापासून माझ्याकडे खांदा घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी पाठ करून उभा राहतो.

मानेचा एक्सरे नॉर्मल आला यावर फार विसंबू नकोस, एक्सरेत हाडं दिसतात, नस दिसत नाही. पण तुझं दुखणं मानेचं वाटत नाही हे मलाही पटतंय. मानेतून नस दबली की बहुतेक वेळा कळ दंडातून खाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की वाढतं, आणि कितीतरी जणांना हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. त्यातलं तुला काहीच नाही.

तर आता दोन डॉक्टरांपैकी कोण बरोबर. दोघंही, पण वेगवेगळ्या पेशंटसाठी. सिस्ट नसती, नुसती नस ओढली गेली असती तर थांबणं एकदम योग्य, वरचे फटके बंद करून, फिजिओ करून, सहा महिन्यांपर्यंतही वाट बघतात आणि बरेच जण ऑपरेशनशिवाय सुधारतात. पण तुझ्याकडे दाबणारी वस्तू समोर दिसतेय, स्नायू वाळलाय आणि जोर कमी होऊन चार-पाच महिने झालेत, म्हणजे तू थांबायचं काम आधीच करून बसलायस. काही सिस्ट आपोआप जिरतात हे खरंय, म्हणून दुसरे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत. फक्त माझं मत विचारशील तर मी तीन महिने नुसती थांबणार नाही, आधी दोन गोष्टी करून घेईन.

पहिली, ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन टेस्ट. बारीक सुई स्नायूत घालून बघतात की हुकूम पोचतोय का. थोडी टोचते, पण सहन होते. नस दबल्यावर साधारण तीन आठवडे जावे लागतात सुईला बदल दिसायला, तुझे ते कधीच झालेत, म्हणजे आत्ता केली तर उत्तर मिळेल. दोन्ही स्नायू तपासायला सांग, वरचाही, आणि मानेकडून येणारे बाकीचेही एक-दोन, म्हणजे मानेची शंका कायमची मिटेल.

दुसरी, एमआरआयची सीडी घेऊन जा आणि डॉक्टरांना एकच विचार: स्नायूत नुसती सूज दिसतेय की चरबी भरायला लागलीय? कारण नस तुटल्यासारखी झाली की स्नायू आधी पाण्याने सुजल्यासारखा दिसतो, ही ताजी अवस्था, दाब काढला तर परत येऊ शकतो. नंतर हळूहळू मांसाच्या जागी चरबी येते आणि ती एकदा भरली की ऑपरेशन कितीही सुंदर झालं तरी तेवढं मांस परत येत नाही. थांबायचं की नाही हे या एका उत्तरावर बरंचसं ठरतं, आणि आश्चर्य म्हणजे पेशंट हा प्रश्न कधी विचारतच नाहीत, सगळे विचारतात टाके किती पडतील.

समजा ईएमजीत नस दबल्याचं आलं आणि चरबी अजून फार नाही, तर मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने. पर्याय दोन असतात. सोनोग्राफीत बघत सुईने सिस्टमधलं पाणी काढणं, हे सोपं, भूल-बिल फार नाही, पण चीर तशीच राहिली तर फुगा परत भरतो आणि बऱ्याच जणांत भरतोच. नाहीतर दुर्बिणीतून, म्हणजे आर्थ्रोस्कोपीने, छोट्या छिद्रांतून सिस्ट रिकामी करून लेब्रमची चीर शिवणं. तू अजून खेळणार आहेस, त्यामुळे चीर आहे असं दिसलं तर दुसरा पर्याय जास्त पटतो. खांद्याचं काम रोज करणाऱ्या सर्जनकडेच जा, एवढा हट्ट धर.

नंतर घाई नको. नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वेगाने परत वाढते, महिन्याला झाले तीन सेंटिमीटर. म्हणजे काही महिने काहीच घडत नाहीये असं वाटेल, मग एक दिवस मनगट ढकलताना जरा तग धरेल. ताकद आधी येते, खळगा नंतर भरतो, आणि पूर्ण भरेलच असं नाही. ताकद आली आणि थोडा खळगा राहिला तर तो आरशापुरता प्रश्न आहे.

खेळायचं? सर्व्हिस, स्मॅश, ब्लॉक, म्हणजे डोक्याच्या वरचं सगळं आजपासून बंद. खालून बॉल उचलायची प्रॅक्टिस, पायांचं काम, पळणं चालू ठेव. जिममध्ये डोक्यावर वजन नको. आणि एक स्ट्रेच असतो बघ, हात छातीवरून आडवा दुसऱ्या खांद्याकडे ओढायचा, खेळाआधी सगळेच करतात, तो तू करू नकोस, त्यात ही नस त्याच कोपऱ्यावर ताणली जाते. करायचं ते फऱ्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं, भिंतीला टेकून हलके पुशअप, फरे मागे-खाली ओढून धरणं, तेही फिजिओने एकदा समोर करून घेतल्यावर. फरा नीट बसला तर नसेवरची ओढ थोडी कमी होते.

काकांना दुखवू नकोस. मान आणि खांद्याच्या वरच्या भागावर हलका हात फिरवून घेतलास तर बरंच वाटेल, बिघडत काही नाही. पण खळग्यात अंगठा रोवून नस मोकळी करतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नकोस, आणि झटका देणाऱ्याला तर अजिबात नाही. सिस्ट दाबून फुटत नाही, खाली नस आहे.

अजून दोन पत्रं आलीयेत 'फरा पंखासारखा बाहेर येतो' अशी, त्यांना यातच सांगते, तुमचं हे नाही. भिंत ढकलताना फऱ्याची आतली कड उचलली जात असेल तर ती बहुधा लाँग थोरॅसिक नर्व्ह, बरगड्यांच्या बाजूने उतरणारी, तिचा स्नायू वेगळा आणि उपायही वेगळे, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. आणि ज्यांना एका रात्रीत खांद्यात मरणाची कळ आली, ती ओसरली आणि मग हात लुळा पडायला लागला, त्यांनी सिस्ट शोधत बसू नका, तो नसांच्या सुजेचा वेगळाच आजार असतो, लगेच जा. डाव्या खांद्याचं दुखणं, सोबत घाम, छातीवर दडपण, धाप, तर मला पत्र लिहू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

तू मात्र या आठवड्यात ईएमजीची वेळ घे. आणि बहिणीला एक काम दे, तिची नजर चांगली आहे. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, बाजूने उजेड येईल असं उभं राहून, तेवढ्याच अंतरावरून तुझा मागून फोटो काढायचा, दोन्ही हात खाली सोडून. आजचा पहिला. रिपोर्ट आला की फोटोसकट पाठव.